सात मशिनं आणि एक पासवर्ड

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे बडोद्याचेच, वय ४६, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहेत. २००७ साली पोस्टानं उबुंटूची (हा लिनक्सचाच एक प्रकार) फुकट सीडी घरी आली तेव्हापासून लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या, कुणालाही मोकळेपणानं वापरता-बदलता येणाऱ्या सिस्टिमचं वेड. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, नातेवाइकांची जुनी मशिनं ११ ला चालणारी नव्हती, चांगले कॉम्प्युटर भंगारात जाऊ नयेत म्हणून यांनी दिवाळीच्या आधीच्या दोन रविवारांत सात मशिनांवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार टाकून दिला. मांडवीजवळ काकांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, तिथलं बिलाचं सॉफ्टवेअर चालेना आणि प्रिंटरही रुसला. प्रिंटर टेस्ट करायला म्हणून त्याची केबल हे घरी घेऊन आले, ती अजून यांच्याकडेच आहे आणि काका कार्बन घालून हातानं बिलं फाडतायत. भाऊबीजेच्या जेवणात काका सगळ्यांसमोर बोलले, "तुझं ते मफतनुं काढ आणि माझं होतं तसं करून दे." वहिनी गुजराती मिडियमच्या मुलांच्या ट्यूशन घेतात, त्यांनी गुपचूप सयाजीगंजच्या एका मुलाला ८०० रुपये देऊन विंडोज टाकून घेतलं, म्हणजे चोरीचंच. रोज रात्री साडेनऊला कुणाचा ना कुणाचा फोन येतो, अपडेट पासवर्ड मागतंय म्हणून, वायफाय गेलं म्हणून, आणि बायको म्हणते की तुमच्यापायी माझ्या पोळ्या गार होतात. सासूबाईंचा मात्र एकदाही फोन आला नाही, आणि १५ वर्षांचा भाचा शेजारी बसून "मामा, त्या काळ्या खिडकीत काय टाइप करतोस" असं विचारत असतो, एवढं एका ओळीत आहे. दिवाळीपासून काकांशी बोलणं बंद. प्रश्न असा की लोकांना स्वातंत्र्याची किंमतच नाही का? ठाम राहू, सगळ्यांना विंडोज परत टाकून देऊ, की हा नादच सोडू?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा जरा गप्प झाले, कारण यातलं निम्मं मी स्वतः केलेलं आहे आणि तेही तुमच्याहून वाईट पद्धतीनं, त्यामुळे पुढचं जे काही सांगणारे ते एका जुन्या गुन्हेगाराचं म्हणून ऐका.

आधी गंमत बघा. तुमचं घोडं प्रिंटरपाशी अडलं ना, ही सगळी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरूच प्रिंटरवरून झालेली आहे. तुम्हाला माहीत असेल पण इथे बाकीचे वाचतायत म्हणून सांगते. १९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. त्यांच्या जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्याचं काम चालू असेल त्याला स्क्रीनवर मेसेज जाईल अशी सोय त्यानं स्वतः करून घेतली होती. मग नवा प्रिंटर आला, त्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, काही मिळेना. ज्याच्याकडे होता त्याला हा भेटायला गेला तर तो म्हणाला नाही देऊ शकत, कुणाला देणार नाही अशी मी सही करून बसलोय. त्याची ती चिडचिड पुढे वाढत वाढत १९८३ मध्ये जीएनयू प्रोजेक्ट (सगळ्यांसाठी मोकळी सिस्टिम बनवायचं काम) झाली. म्हणजे माणूस चिडला कशावरून, तर माझ्या कामाची वस्तू माझ्या हातात नाही, मला हवी तशी ती चालवता येत नाही. आता जरा काकांच्या गल्ल्यावर बसून बघा. त्यांचा प्रिंटर कालपर्यंत चालत होता, आज चालत नाही, आणि का चालत नाही ते त्यांना कुणी सांगत नाही, केबलसुद्धा दुसऱ्याच्या घरी. या गोष्टीत स्टॉलमन कोण आहे, तुम्ही की काका?

आणि वेळ तरी काय निवडलीत हो! इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान, मांडवीत, दिवाळीच्या तोंडावर. लायटिंगच्या माळा, बल्ब, होल्डर, गिऱ्हाईक दारात तिप्पट उभं, शिवाय चोपडापूजन आठवड्यावर आलेलं, आणि तेव्हा तुम्ही माणसाच्या वहीखात्याचं मशीनच बदललंत. कारखान्यात मार्च एंडिंगला कुणी तुमचं सॉफ्टवेअर बदललं असतं तर तुम्ही त्याचं काय केलं असतंत? १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला हे खरं, पण त्या दिवशी मशीन बंद पडणार नव्हतं, सिक्युरिटीचे अपडेट थांबणार होते. आणि घरगुती वापराच्या विंडोज १० ला एक वर्ष जास्तीचे सिक्युरिटी अपडेट, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, देण्याची सोय त्याच कंपनीनं ठेवलीय, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साइन इन करून नाव नोंदवायचं. ही गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती असं मला वाटत नाही. मला वाटतं तुम्ही कित्येक वर्षं याच दिवसाची वाट बघत होतात. रागावू नका, मीही बघत होते.

आता तुमचा मूळ प्रश्न, लोकांना स्वातंत्र्याची किंमत नाही का. यात तुम्ही एक गोष्ट धरून चाललायत की तुम्ही त्यांना स्वातंत्र्य दिलंत. ते मला आधी तपासायचंय.

तुमच्याच पत्रात आहे की अपडेट आलं की पासवर्ड मागतं म्हणून तुम्हाला फोन येतात. म्हणजे पासवर्ड तुमच्याकडे आहे. सातही मशिनांचा असणार आणि माझी पैज आहे की सातही ठिकाणी एकच असणार, कारण मीही तसंच केलं होतं, लक्षात राहायला सोपं. तर बघा, काल काकांचं मशीन अमेरिकेतल्या एका कंपनीच्या हातात होतं, आज ते दांडिया बाजारातल्या पुतण्याच्या हातात आहे. काकांच्या हातात ते कालही नव्हतं आणि आजही नाही. उलट काल काही बिघडलं तर सयाजीगंजात दहा पोरं होती, कुणालाही २०० रुपये दिले की काम व्हायचं, आज जगात एकच माणूस उरलाय आणि तो रात्री साडेनऊला जेवायला बसलेला असतो. वहिनींनी ८०० रुपये विंडोजसाठी दिले असं तुम्हाला वाटतंय, मला वाटतं तुम्हाला फोन करावा लागू नये म्हणून दिले. प्रत्येक वेळी दिराला फोन करायचा, त्याचा तो सुस्कारा ऐकायचा, मग "वहिनी, तुम्ही कुठे क्लिक केलंत ते आधी सांगा" हे ऐकायचं, त्यापेक्षा ८०० रुपये स्वस्तच म्हणायचे ना.

हे बोलणं तुम्हाला लागेल. पण ही चूक तुमच्यापेक्षा खूप मोठ्या माणसांनीही केलीय. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेडचं प्रकरण झालं ते तुम्ही वाचलं असणार. फाइली दाबून लहान करणारं एक छोटंसं सॉफ्टवेअर, बहुतेक सगळ्या लिनक्समध्ये असलेलं, आणि ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकलेला, लोक त्याच्या मागे लागलेले की लवकर कर, जमत नसेल तर दुसऱ्याला दे. मग मदतीला म्हणून कुणीतरी आला, दोनेक वर्षं गोड वागून विश्वास कमावला आणि आत चोरदरवाजा बसवून मोकळा झाला. सापडलं ते कशावरून, तर आंद्रेस फ्रॉयंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा किडा डोक्यात शिरला म्हणून. (हा गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये, काय म्हणाल!) सांगायचं असं की कोड सगळ्यांसाठी उघडा असून उपयोग झाला नाही, भार एकाच खांद्यावर होता तिथेच सगळं अडकलं. तुमच्या घराण्यात तो खांदा तुमचा आहे आणि तो दुखायला लागलाय हे पत्रातून दिसतंय.

दुसरं, ते "मफतनुं". काकांनी सगळ्यांसमोर म्हटलं म्हणून तुम्हाला झोंबलं, साहजिक आहे. इंग्रजीत फ्री शब्दाचे दोन अर्थ म्हणून त्या लोकांना चाळीस वर्षं समजावत बसावं लागलं, आपल्याकडे मुक्त वेगळं आणि फुकट वेगळं, आपल्याला खरं तर सोपं जायला हवं होतं. पण तुम्ही काकांना काय सांगून टाकलंत? आठवून बघा. "काका, एक पैसा लागणार नाही", असंच ना? नव्वद टक्के लोक हेच सांगतात, मीही सांगायचे. मग त्यांनी मफतनुं म्हटलं तर चूक काय, त्यांनी तुमचाच शब्द तुम्हाला परत दिला. आणि फुकट कुठे पडलं त्यांना? दिवाळीचा सीझन, हातानं बिलं, चष्मा लावून बेरजा. ज्या लायसन्सचं आपण कौतुक करतो त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की कसलीही वॉरंटी नाही. ती वॉरंटी तुम्ही तोंडी दिलीत, "काही झालं तर मी आहे ना".

आता माझा गुन्हा. रावपुऱ्यात माझं डीटीपीचं दुकान होतं, बरीच वर्षं चालवलं, लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांचे अहवाल, कुणाचे कवितासंग्रह. सगळं सॉफ्टवेअर चोरीचं, त्या काळात सगळ्यांचं असायचं, सीडीवर मार्करनं नाव लिहिलेलं. ते मनाला लागायचं म्हणा किंवा मोठेपणाची हौस म्हणा, एका शनिवारी रात्री मी दोन मशिनांवर लिनक्स टाकलं, चित्रांसाठी इंकस्केप, पानं लावायला स्क्रायबस, ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस, सगळं एकदम झकास. सोमवारी माझी टायपिस्ट आली, चौदा वर्षं टायपिंग करत होती बाई, माझ्याकडे न बघता गप्पा मारत पान टाइप करायची. तिची बोटं बसलेली टाइपरायटरच्या लेआउटवर आणि मशीनवर आला इन्स्क्रिप्ट नावाचा लेआउट, ज्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. शास्त्रशुद्ध आहे, सरकारी स्टँडर्ड आहे, सगळं खरं. तिनं "सस्नेह निमंत्रण" टाइप करायला दहा मिनिटं घेतली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली. मी काय केलं माहितेय? तिला इन्स्क्रिप्टचे फायदे समजावून सांगितले. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. लिनक्सवर रेमिंग्टनचा, म्हणजे टाइपरायटरचाच, लेआउटही मिळतो, नुसतं सेटिंगमध्ये जाऊन जोडायचा असतो, हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तोवर ती दुसरीकडे बोलणी करून आली होती. मी तिला एकदाच जरी आधी विचारलं असतं की बाई तू दिवसभर नक्की काय करतेस, कुठली बटणं दाबतेस, तरी हे झालं नसतं. मला तिच्या कामाची माहिती नव्हती, माझ्याच दुकानात!

म्हणून तुम्हाला विचारते, सातपैकी किती जणांना तुम्ही आधी हा प्रश्न विचारलात? पत्रात कुठेही दिसला नाही. मशीन किती जुनं, रॅम किती, एसएसडी आहे का, हे मात्र सगळ्यांचं तपशिलात लिहिलंय, मी ते वर गाळलं, पान भरलं असतं.

जर्मनीतल्या म्युनिक शहराचं तुम्ही ऐकलं असेल. तिथल्या नगरपालिकेनं २००३ मध्ये ठरवलं की विंडोज सोडायचं, दहा वर्षं खपून साधारण १५,००० मशिनं लिनक्सवर नेली, जगभरच्या आपल्यासारख्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि २०१७ मध्ये त्याच नगरपालिकेनं परत विंडोजवर जायचं ठरवलं. त्यामागे राजकारण होतं, बाहेरच्या ऑफिसांशी फाइली जुळत नव्हत्या हेही होतं, पण कर्मचाऱ्यांची कुरकुरही होतीच. तिकडे पैसा होता, माणसं होती, दहा वर्षं होती. तुमच्याकडे दोन रविवार होते. उलट केरळातल्या सरकारी शाळा बघा, कित्येक वर्षं लिनक्सवर चालतायत, कारण तिथे मशीनच्या आधी मास्तरांना शिकवलं गेलं. तेव्हा झालं ते काही जगावेगळं नाही, स्वतःला फार दोषही देऊ नका.

बरं, आता एकेक मशीन घेऊ, कारण "ठाम राहू की सगळं परत टाकू" हा प्रश्नच मला पटत नाही, सात माणसांना एक उत्तर कसं असेल?

काकांचं परत करा. वाद नको, "मी तर म्हटलं होतं" नको, वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) ते बिलाचं सॉफ्टवेअर चालतंय का बघतो असं तर अजिबातच नको, तो तुमचा खेळ आहे, त्यांचा गल्ला आहे. त्यांच्या मशीनवर मूळ विंडोज विकत घेतलेलं असेल तर त्याचं डिजिटल लायसन्स बहुतेक मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तेच व्हर्जन परत टाकलं की नेट लावल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, क्रॅकच्या भानगडीत पडायची गरज नाही. ते वर्षभराचे अपडेट दुकानातल्या मशीनला मिळत असतील तर लावून द्या. बिलांचा डेटा एका बाहेरच्या डिस्कवर दर शनिवारी कसा उतरवायचा ते काकांना नाही, दुकानातल्या मुलाला शिकवा, दिवसभर मशीनवर तोच बसतो ना? आणि अपडेट संपल्यावर काय करायचं ते काकांना ठरवू द्या, नवीन मशीन घेतील, नाहीतर तेव्हा तुम्हाला विचारतील. मुक्त सॉफ्टवेअरची जी चार स्वातंत्र्यं सांगतात ना, त्यातलं अगदी पहिलं, ज्याला शून्य नंबर दिलाय, ते हेच की प्रोग्रॅम मला हवा तसा, माझ्या कामासाठी चालवता यावा. काकांचं काम बिल फाडणं आहे.

वहिनींकडे जरा जपून. तुम्हाला सगळ्यात जास्त राग त्यांचा आलाय हे दिसतंय, काकांनी तोंडावर सांगितलं, यांनी पाठीमागून केलं म्हणून. पण त्यांना एक साधा प्रश्न विचारा, की लिनक्सवर काय अडत होतं. मला जवळपास खात्री आहे की प्रश्नपत्रिका अडत होत्या. गुजराती मिडियमचे जुने पेपर बहुतेक टेराफाँट-वरुण किंवा तसल्याच कुठल्या जुन्या फाँटमध्ये असतात, त्यात अक्षरं इंग्रजीच्याच जागांवर बसवलेली असतात, फाँट नसला की उघडल्यावर नुसतं इंग्रजी अगडबगड दिसतं. बिचारीला वाटलं असेल वर्षानुवर्षांचे पेपर गेले, आणि ते कुणाला सांगायचीही लाज वाटली असेल. त्या फाँटची फाइल होम फोल्डरमधल्या फाँटच्या फोल्डरमध्ये टाकली असती तर दोन मिनिटांत दिसायला लागलं असतं. आता मात्र परत लिनक्स टाकायला जाऊ नका. एवढंच सांगा की क्रॅक करायला जे अ‍ॅक्टिव्हेटर वापरतात त्यातून भलतंच काही आत शिरू शकतं, त्या मशीनवरून बँकेचं काही करत असाल तर ते फोनवरून करा, आणि पेपरांची एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या. त्यांना खरंच वाटलं तर पुढचे नवे पेपर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर तशीच दिसतील अशा अक्षरांत, टाइप करायला शिकवा, विंडोजवरही होतं की ते. ८०० रुपयांचा विषय काढू नका, कधीच.

पुतणी सीएला आहे म्हणता, तिचं सगळं एक्सेल आणि टॅलीवर, मास्तर तेच शिकवणार आणि पुढे नोकरीत तेच लागणार. तिच्याकडे दोन्ही ठेवा, चालू करताना निवडता येईल असं, आणि ती काय निवडते ते बघायलाही जाऊ नका. शेजारच्या पटेलकाकांचं सगळं ब्राउझरमध्ये चालतं, त्यांचा प्रश्न वायफायचा आहे, लिनक्सचा नाही, राउटर कपाटाच्या मागून पुढे आणा.

गणपती मंडळाचं मशीन मात्र लिनक्सवरच राहू द्या, तिथे ते शोभतं. वर्गणीच्या पावत्या, हिशेब, दर दोन वर्षांनी कार्यकर्ते बदलणार, कुणाच्या तरी खिशातलं लायसन्स हरवायची भानगड नको. पण तिथलं हँडओव्हर नीट करा. एक शंभर पानी वही घ्या, त्यात मराठीत पानभर लिहा, चालू कसं करायचं, पावती कुठे आहे, प्रिंट कशी काढायची, अडलं तर काय करायचं, आणि पासवर्ड एका पाकिटात घालून खजिनदाराच्या गोदरेजच्या कपाटात. मग दोन कार्यकर्त्यांसमोर बसा आणि त्यांना फक्त वही बघून पावती काढू द्या, तुम्ही हात मागे बांधून उभे राहा. जिथे अडतील तिथे वही दुरुस्त करा, त्यांना नाही. हे फार कठीण जातं, सांगून ठेवते, माउसकडे हात आपोआप जातो.

आणि सासूबाई! अहो, तुम्ही त्यांना एक ओळ दिलीत फक्त, "एकदाही फोन आला नाही". भाऊ, तुमचं सगळ्यात यशस्वी मशीन तेच आहे. मला वाटतं त्या यूट्यूबवर कीर्तनं-अभंग ऐकत असणार, व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणींशी बोलत असणार, ते दोन्ही पहिल्या दिवसापासून चाललं म्हणून त्यांना काही बदललंय हेही कळलं नसेल. आपण आपले जे भांडतात त्यांच्याकडेच बघत बसतो. एकदा त्यांच्याकडे जाऊन चहा प्या आणि मशीनबद्दल काहीही विचारू नका. सातवं मशीन बायकोचं, त्याबद्दल पत्रात चकार शब्द नाही, म्हणजे एकतर उत्तम चाललंय किंवा तुम्ही विचारलेलंच नाही. त्याचा पासवर्ड तरी तिला माहीत आहे ना?

फोनचं एकदाच सांगून टाका सगळ्यांना, की रविवारी सकाळी दहा ते बारा मी मोकळा आहे, मशीन घेऊन या, पोहे खाऊ, बघू. रात्री साडेनऊला उचलायचा नाही. पहिले दोन आठवडे लोक फुगतील, मग निम्म्या अडचणी रविवारपर्यंत आपोआप सुटलेल्या असतील असा माझा अनुभव आहे, आणि पोळ्याही गरम मिळतील.

तुमच्यासारखे अजून बरेच जण हे वाचत असतील, मागच्या चार महिन्यांत मला याच विषयावर पाच-सहा पत्रं आलीयत, तर त्यांच्यासाठी. आधी सिस्टिमला हात लावू नका, त्या माणसाच्या विंडोजवरच फायरफॉक्स, व्हीएलसी, लिबरऑफिस टाकून बघा आणि तीन-चार महिने वापरू द्या. जो लिबरऑफिसवर कुरकुरतोय तो लिनक्सवर काय टिकणार? मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून, काही इन्स्टॉल न करता, त्यांच्याच घरी त्यांच्याच प्रिंटरवर एक पान छापून बघा, स्कॅनर चालतो का, डिजिटल सहीचं टोकन चालतं का, कारण जीएसटी आणि इन्कम टॅक्सवाल्यांचं घोडं नेमकं तिथे पेंड खातं. काही प्रिंटरांना लिनक्सचा धड ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, नसतोच, कितीही डोकं फोडा, तो दोष तुमचाही नाही आणि लिनक्सचाही नाही, पण समोरच्याला फक्त एवढंच दिसतं की कागद बाहेर येत नाही. हे सगळं जमलं, आणि समोरचा माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणाला की टाकून दे, तरच टाका. आणि जुनं मोडू नका, डिस्कवर बाजूला राहू द्या दोन महिने.

आपल्या शहराचीच गोष्ट बघा ना. सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी केली, खेड्यांत फिरत्या पेट्या पाठवल्या. महाराजांना हुकूम काढून प्रत्येक गावात पुस्तकं नेऊन टाकणं काय कठीण होतं? पण कायमचं वाचनालय हवं असेल तर गावानंही आपला वाटा काढायचा, मग पंचायत आणि सरकार भर घालणार अशी पद्धत होती. माझे आजोबा सांगायचे की ज्या गावानं वर्गणी काढली तिथले लोक कपाटाची किल्ली कुणाकडे यावरून भांडायचे. काकांनी त्या कॉम्प्युटरसाठी एकदा तरी भांडावं असं काही तुम्ही ठेवलंत का?

राहता राहिलं नाद सोडायचं. कशाला? पोस्टानं आलेली ती सीडी तुम्ही अजून जपून ठेवली असणार, माझ्याकडेही आहे, २०११ मध्ये त्यांनी पाठवणं बंद केलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. बाहेरच्या देशातल्या कुणीतरी आपल्या नावाचं पाकीट पाठवलं, बदल्यात काही मागितलं नाही, हे तेव्हा किती भारी वाटलं होतं. पण ती सीडी तुम्ही मागवली होती, आठवतंय? फॉर्म भरला होता, पत्ता लिहिला होता, आणि आठवडेच्या आठवडे पोस्टमनची वाट बघितली होती. कुणी तुमच्या घरात शिरून तुमच्या न कळत ती मशीनमध्ये घातली नव्हती.

उत्साह आहे ना, तर तो जिथे कमी पडतोय तिथे न्या. मराठी आणि गुजराती भाषांतरं बघा या प्रोग्रॅमांची, किती ठिकाणी अर्धी इंग्रजी, किती ठिकाणी असलं मराठी की वाचून उलट गोंधळ व्हावा. तुम्ही अकाउंट्सवाले, दोन्ही भाषा रोजच्या बोलण्यातल्या, खतावणीला, येणे-बाकीला इथल्या दुकानात खरोखर काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक. महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापून घेतला होता, त्याच शहरात राहून आपण स्प्रेडशीटमधली दहा बटणं नीट मराठीत आणू शकू की. हे काम रात्री जेवण झाल्यावर शांतपणे करता येतं, आणि त्यात कुणाचाही फोन येत नाही.

आणि भाचा. सगळ्या पत्रात एकटा तोच आहे ज्यानं आपणहून विचारलं. त्याला जुनं, बिघडलं तरी चालेल असं एखादं मशीन द्या आणि पासवर्ड त्यालाच ठेवू द्या, तुम्हाला सांगू नको म्हणावं. मोडेल तो, दोन-तीनदा तर नक्कीच. मोडू दे. विचारायला आला तरच सांगा, आणि उत्तर येत असलं तरी एखाद्या वेळी "बघू या, शोध तू" म्हणा. लिनक्स ज्यानं सुरू केलं तो लिनस टॉरवाल्ड्स १९९१ मध्ये २१ वर्षांचा होता आणि त्यानं तर जगाला सांगितलं होतं की हे नुसतं छंद म्हणून चाललंय, फार मोठं काही होणार नाही.

काकांकडे या रविवारीच जा, फोन न करता. दुपारी दुकान अर्धं बंद असतं तेव्हा जा, जाताना लिलो चिवडा घ्या, अडीचशे ग्रॅम नको, अर्धा किलो घ्या. बोलणं सुरू कसं करायचं असं विचारलंत, तर काही बोलू नका, मशीनपाशी खाली बसा आणि काम सुरू करा, काका आपणहून म्हणतील की चहा सांगू का. आणि निघायच्या आधी पिशवीत बघून घ्या, प्रिंटरची केबल घेतलीत का.